ग्रहणात लाल चंद्र काळपट का येतो

चंद्रग्रहणाच्या फोटोंवरच्या चर्चेत निपाणीकर नावाचे एकजण म्हणतात, खग्रास (चंद्र पूर्ण सावलीत) सुरू झाल्यावर ३०० मिमी लेन्सने चंद्र नुसता काळपट डाग आला, आणि त्यांना कुणीतरी सल्ला दिलाय 'शटर दहा सेकंद ठेवा'. तसं करू नका. चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर ३०० मिमीला एक-दीड सेकंदाच्या पुढे कडा पुसट व्हायला लागतात. शटर एक सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६००, इथून सुरू करा आणि पडद्यावर बघत आयएसओ वरखाली करा. पुनवेच्या भगभगीत चंद्राला १/२५० सेकंद शटर पुरतं. खग्रासात उजेड हजारो पटींनी उतरतो, मग ऑटो मोड काय करणार बापडा! फोकस मात्र उजळ कोर शिल्लक असतानाच हाताने लावून घ्या, नंतर ऑटोफोकस नुसता चाचपडत बसतो. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझर (हादरे कमी करणारी सोय) बंद, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये).

सप्टेंबर २०२५ चं ग्रहण आपल्याकडं पावसाळ्यात सापडलं. खग्रास पूर्ण दिसेल असं पुढचं ३१ डिसेंबर २०२८ ला, रात्री साधारण पावणेदहा ते अकरा. चंद्र तेव्हा बराच वर असणार, ट्रायपॉडचं डोकं तेवढं वळतं का ते आधी बघा. थंडीत लेन्सवर दव धरतं, कापड जवळ असू दे. बेळगावात त्याच रात्री ओल्ड मॅन (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळतात, धूर आणि फटाके टाळायचे तर येळ्ळूरच्या राजहंसगडाकडं सरकलेलं बरं. मोबाइलवाल्यांनी दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) फोन लावून बघा की, वाईट येत नाही.