मदत हवी आहे: काकडीच्या ग्रीनहाऊसचा एक भाग कॅनबिससाठी (गांजासाठी) वळवावा का? (लेमिंग्टन, ऑन्टारियो)

नमस्कार मंडळी,

इथे शेतीवर लिहिणारे, त्यातही कॅनडात काचेखाली किंवा पॉलीखाली पीक घेणारे काही जण आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेमिंग्टनजवळ माझं आणि माझ्या मेहुण्यांचं मिळून चार एकरांचं डबल पॉलीचं (प्लास्टिकच्या दुहेरी थराचं) ग्रीनहाऊस आहे. एकेक एकराचे चार भाग, बॉयलर एक, खतपाण्याची खोली एक. दहा वर्षं आम्ही लांब काकडीच करतोय. गेल्या वर्षी तिसऱ्या भागात ग्रीन मॉटल मोझॅक आला, काकडीचा विषाणू रोग, तोच सीजीएमएमव्ही. शेंड्याच्या पानांवर हिरवे-फिकट डाग दिसले तेव्हा मला मॅग्नेशियमची कमतरता वाटली आणि मी खत बदलत बसलो. तोवर छाटणीच्या कात्र्यांनी रोग ओळीभर नेला होता. भर जूनमध्ये फळांनी लगडलेलं पीक आम्ही उपटलं. झाडांच्या मुळांखालचे स्लॅब, दोऱ्या, क्लिपा, सगळं कचऱ्यात. दोनदा धुऊन, निर्जंतुक करून तो भाग तेव्हापासून रिकामा ठेवला आहे. काकडी परत लावायची हिंमत होत नाही.

मेहुण्यांचं म्हणणं, तिथे कॅनबिस लावू. १७ ऑक्टोबर २०१८ ला कायदा लागू झाला तेव्हाही हा विषय घरात निघाला होता. पण लहान शेतकऱ्याच्या मायक्रो परवान्याची मर्यादा तेव्हा २०० चौरस मीटर होती, तेवढ्यासाठी कोण एवढा खटाटोप करणार म्हणून सोडून दिलं. मार्च २०२५ पासून ती ८०० चौरस मीटर झाली. आमच्या एका भागात तेवढी लागवड सहज बसते, शिवाय मदर प्लांट (ज्यांच्या फांद्या कापून रोपं करतात ती झाडं) आणि वाळवणीची खोली यांनाही जागा उरते. मायक्रोची वार्षिक फीसुद्धा झेपणारी आहे, पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर १ टक्का, कमीत कमी २,५०० डॉलर.

गावात उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. अफ्रिया ही कॅनबिस कंपनी इथल्याच ग्रीनहाऊस मालकांनी उभी केली, पुढे २०२१ मध्ये ती टिलरे या कंपनीत विलीन झाली. पण उलटी उदाहरणंही आहेत. ब्रिटिश कोलंबियात कॅनोपी ग्रोथ या कॅनबिस कंपनीने ऑल्डरग्रोव्ह आणि डेल्टाची मिळून ३० लाख चौरस फुटांची ग्रीनहाऊसं मार्च २०२० मध्ये बंद केली, सुमारे ५०० लोकांचं काम गेलं. त्यामुळे रातोरात पैसा होईल असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. तो एक एकर पुन्हा उभा राहावा आणि बाकीच्या तीन एकरांची काकडी सुखरूप राहावी, एवढंच हवं आहे.

मला अडतंय ते असं. शेजारच्या भागात काकडी असताना कॅनबिस खरंच घेता येतं का? हवा, पाणी, माणसं सगळं एकच आहे. दुसरं म्हणजे हेल्थ कॅनडाकडे (परवाना देणारा केंद्राचा आरोग्य विभाग) अर्ज करण्याआधी जागा पूर्ण बांधून तयार असावी लागते (मे २०१९ पासूनचा नियम). म्हणजे पैसे आधी ओतायचे आणि परवान्याची वाट पाहायची. त्या काळात तुम्ही कसं निभावलंत?

आणि एक घरचं. माझी बायको नर्स आहे, रोज विंडसरहून पूल ओलांडून डेट्रॉइटला कामाला जाते. ती आमच्या कंपनीत संचालक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कॅनबिस बेकायदा आहे. सीमेवर तिला कोणी विचारलं तर? या एका गोष्टीने माझी झोप उडाली आहे.

प्रतिसाद १

मी फ्रेझर व्हॅलीत ढोबळी मिरचीच्या ग्रीनहाऊसमध्ये होतो. मालकांनी ते कॅनबिसकडे वळवलं आणि मी चार वर्षं ते पीक सांभाळलं. तुमचा पहिला प्रश्नच सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

मालाच्या प्रत्येक लॉटची कीडनाशक अवशेषांसाठी तपासणी होते. यादीत ९६ घटक आहेत आणि मर्यादा फार खाली आहेत. काकडीवर भुरीसाठी, फुलकिड्यांसाठी दहा वर्षांत जे जे मारलं त्याचा अंश पन्हळींच्या पत्र्यावर, पंख्यांच्या पात्यांवर, काँक्रीटच्या भेगांत राहिलेला असतो. दोनदा धुतलं हे चांगलं, पण पाण्याने धुणं आणि अवशेष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी पुसून नमुने घ्या आणि प्रयोगशाळेत पाठवा: पत्रा, पंखा, पडद्याचं कापड, जमीन. ड्रिपच्या नळ्या धुऊ नका, नव्याच घाला. पडद्याचं कापडही बदला, तुम्हाला तसाही काळा पडदा घ्यायचाच आहे.

शेजारच्या भागात काकडीवर फवारणी चालू राहणारच. तिथे मंजूर असलेलं औषध इकडे दोषी ठरू शकतं. म्हणून कॅनबिसच्या भागात हवेचा दाब थोडा जास्त ठेवा, हवा तिकडून आत येता कामा नये. फवारणीचं यंत्र, हातमोजे, कपडे वेगळे.

आता काळ्या पडद्याबद्दल, कारण भाजीवाला तिथेच फसतो. काकडीला दिवसाच्या लांबीचं काही पडलेलं नसतं. कॅनबिसला फुलोऱ्यात रोज बारा तास पूर्ण अंधार लागतो. हिवाळ्यात पहाटे दोनला तुमच्या काकडीवरचे दिवे चालू असतात ना? तो उजेड दुहेरी पॉलीतून सरळ पलीकडे जाईल. अंधारात असा उजेड झिरपत राहिला तर मादी झाडावर नर फुलं येतात, बी धरतं आणि मालाचा दर्जा पडतो. मधली भिंत अपारदर्शकच हवी.

पडदा ओढला की दमटपणा झपाट्याने वाढतो. काकडीत तुम्ही छताची खिडकी उघडून मोकळे होता. इथे नियमाने वास बाहेर जाऊ नये म्हणून हवा गाळणारी यंत्रणा लागते, खिडकी सताड उघडता येत नाही. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात फुलोरा वरून अप्रतिम दिसत होता. मी एक जाड कळी मधोमध फोडली तर आत राखाडी भुगा, बोट्रिटिस नावाची बुरशी. खालच्या फांद्यांवरच्या कळ्या बऱ्या होत्या, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात महाग त्याच गेल्या. डीह्युमिडिफायरचा (हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्राचा) हिशेब आधी करा आणि तुमच्या वीजजोडणीची क्षमता तपासा. छोट्या पॉली ग्रीनहाऊसला बहुतेकदा ती पुरत नाही.

मोझॅकने तुम्हाला जी कात्रीची शिस्त शिकवली ती मात्र इथे कामी येईल. कॅनबिसमध्ये हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा रोग आहे, तोही ब्लेडवरून, हातांवरून पसरतो. झाड जिवंत राहतं पण कळ्या लहान आणि कमी तेजाच्या होतात. कटिंग विकत घेताना मदर प्लांटचा तपासणी अहवाल मागा, आणि आल्यावर स्वतः पुन्हा तपासा.

प्रतिसाद २

सीमेबद्दल. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीमा विभागाने पत्रक काढलं होतं. कायदेशीर कॅनबिस उद्योगात काम करणारा कॅनेडियन नागरिक दुसऱ्या कारणासाठी अमेरिकेत जात असेल तर साधारणपणे त्याला प्रवेश मिळतो, आणि त्याच उद्योगाच्या कामासाठी जात असेल तर नाकारला जाऊ शकतो. त्यात 'कॅनेडियन नागरिक' हे शब्द आहेत, तुमच्या पत्नी नागरिक आहेत की पीआर (कायम रहिवासी) हे महत्त्वाचं. शेवटचा निर्णय खिडकीतल्या अधिकाऱ्याचा असतो. संचालक म्हणून त्यांना इकडची सुरक्षा पडताळणीही करावी लागेल. मी तुमच्या जागी असते तर अर्ज करण्याआधीच अमेरिकेच्या इमिग्रेशन वकिलाला भेटले असते. ओळखीच्या सल्ल्यावर ही नोकरी टांगू नका.

अजून एक, तुमच्याकडे मोसमी शेतमजूर कार्यक्रमातून मेक्सिकोची किंवा जमैकाची माणसं येत असतील तर त्यांना कॅनबिसच्या भागात लावता येणार नाही. त्या कार्यक्रमाच्या पिकांच्या यादीत कॅनबिस नाही. माणसांचा हिशेब वेगळा धरा.

प्रतिसाद ३

पैशाचं थोडक्यात. वाळलेल्या फुलावर अबकारी कर ग्रॅमला १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यातला जो जास्त तो. हे ठरवलं तेव्हा ग्रॅमला दहा डॉलरच्या आसपास भाव धरला होता. भाव कोसळले, डॉलर तिथेच राहिला. तुम्ही मायक्रोवाले प्रोसेसरला (माल प्रक्रिया करून पॅक करणाऱ्याला) ठोक माल विकाल, कर पॅकिंग करणारा भरेल, पण तो तुमच्या भावातूनच वजा करेल. म्हणून भिंत बांधायच्या आधी खरेदीदाराशी लेखी बोला: कोणतं वाण, किती ओलावा, टीएचसी (नशा आणणारा घटक) कमी निघालं तर भाव काय, पैसे किती दिवसांत. ऑन्टारियोत दुकानांना माल ऑन्टारियो कॅनबिस स्टोअर या सरकारी घाऊक विक्रेत्यामार्फतच जातो, त्यामुळे तुमच्या प्रोसेसरचा माल तिथे खरंच खपतोय का हे आधी बघा.

मूळ लेखक

तिघांचे मनापासून आभार. बायको नागरिक आहे. काल रात्री हे सगळं तिला आणि मेहुण्यांना वाचून दाखवलं. वकिलाची वेळ घेतली आहे, त्याचं उत्तर येईपर्यंत एक खिळाही ठोकायचा नाही असं ठरलं. नमुने मात्र या आठवड्यातच पाठवतोय, कारण काकडी परत लावायची असली तरी ती माहिती उपयोगी पडेल.

पहाटे दोनच्या उजेडाचं मला सुचलंच नव्हतं. काल रात्री तिसऱ्या भागात मुद्दाम दिवे बंद करून उभा राहिलो. हाताच्या रेषा दिसत होत्या.

आता एकच विचारतो. उभ्या असलेल्या डबल पॉलीत, दोन्हीकडे छताच्या पन्हळीचे खांब असताना, अशी अपारदर्शक आणि हवाबंद भिंत कोणी घातली आहे का? इन्सुलेटेड पॅनेल वापरलं की काळं-पांढरं प्लास्टिक दोन थरांत? बॉयलरचे पाईप तिसऱ्या भागातून चौथ्यात जातात, त्यांच्या भोवतीची भोकं कशी बुजवली? फोटो असतील तर फार बरं होईल.