जबलावीला मराठीत काय म्हणावं?

इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ यांच्या ‘अवलाद हारतिना’ या कादंबरीवर लिहितोय. त्यातला जबलावी अख्ख्या गल्लीचा पूर्वज, देवाचं रूपक मानला जाणारा. थोरल्या वाड्यात दार लावून बसलेला, पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न दिसलेला. ‘कुलपुरुष’ की ‘मूळपुरुष’? ‘कुटुंबप्रमुख’ अगदीच रेशनकार्डावरचा वाटतो.

— मूळपुरुष नको. आपला मूळपुरुष वंशावळीच्या टोकाला असतो आणि मेलेलाच असतो. जबलावी जिवंत आहे, हेच तर गल्लीचं दुखणं. उपाशी माणसं वाड्याकडे बोट दाखवून म्हणतात, हा आमच्या आज्याचा वाडा, मग आमच्या वाट्याला काहीच कसं नाही? अरबीत ‘जद्द’ म्हणजे आजोबाही आणि पूर्वजही. मी सरळ ‘आजा’ लिहीन.

— आणि ‘पितामह’? ब्रह्मदेवाचंही ते नाव. आदमचा अदहम आणि इब्लीसचा इद्रीस करणाऱ्या लेखकाला चपखल बसेल.

— कोशात बसेल, कानाला नाही. पितामह म्हटलं की भीष्म, आणि त्याला ना पोर ना बाळ. इथे सगळं रामायण वारसांचं! धाकट्या अदहमकडे, दासीच्या मुलाकडे, इस्टेटीचा कारभार दिला म्हणून इद्रीस भडकतो आणि घराबाहेर काढला जातो.

बाकी बरेच शब्द तयारच मिळतील. वक्फ आहे, दस्तऐवजातल्या दहा शर्ती आहेत. वक्फचा कारभारी ‘नाझिर’ म्हणजे आपल्या कोर्टातल्या नाझराचाच भाऊबंद. ‘फुतुव्वा’ मूळचा तारुण्य-मर्दुमकीचा शब्द, कैरोच्या गल्लीत हप्ता उकळणारा झाला. आपला ‘दादा’ तसाच घसरलाय, तोच वापरा. शेवटचा नायक अरफा, म्हणजे विज्ञान. त्याचा धातू ‘जाणणे’, आपलं ‘मार्फत’ त्यातूनच आलं. हा वाड्यात शिरतो, म्हाताऱ्या नोकराला मारतो आणि त्या धक्क्यानं जबलावी जातो. १९५९ साली कैरोच्या ‘अल-अहराम’ दैनिकात हे क्रमशः छापून आल्यावर धर्मपंडित का खवळले, ते वेगळं सांगायला नको. पुस्तक निघालं ते बैरूतला, १९६७ साली; इजिप्तमध्ये थेट २००६ साली.

— आणि ‘जबलावी’ की ‘गबलावी’?

— कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो, म्हणून बोलताना गबलावी. पण मूसा पैगंबराच्या जागी असलेल्या पात्राचं नावही ‘जबल’, म्हणजे डोंगर. अक्षर कुठलंही घ्या, दोन्ही नावांत एकच ठेवा. नाहीतर आज्याचं नातवाशी नातं छपाईतच तुटेल.