मिशनमधला नाताळ: २५ तारखेची दुपार तुम्ही कशी काढता?

डोंगरातला ब्रदर (८ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. मी वसईचा, वय २४. फादर होण्याच्या शिक्षणात तत्त्वज्ञानाचा अभ्यास झाला की आम्हाला दोन वर्षं मिशनमध्ये काढायची असतात. माझ्या वाट्याला मेघालय आलं. पश्चिम खासी डोंगरात एक चर्च, शाळा आणि शाळेला लागून मुलांचं बोर्डिंग. आठवी-नववीला गणित शिकवतो आणि बोर्डिंगमध्येच मुलांबरोबर राहतो. इथला हा माझा दुसरा आणि शेवटचा नाताळ.

आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे), कॅरल, गोठा, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना), यांबद्दल मला काही विचारायचं नाही. तोवर माणसाला श्वास घ्यायला सवड नसते. मला विचारायचं आहे २५ तारखेच्या दुपारबद्दल.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो. इथे हिवाळ्याची मोठी सुट्टी असते, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर बोर्डिंग रिकामं होतं. पाच मुलं मागे राहिली होती. कुणाचं घर फार आत, कुणाला न्यायला येणारं कुणी नाही. सकाळची मिस्सा झाली, पटांगणात सगळ्या गावाचं एकत्र जेवण झालं, भात आणि डुकराचं मटण. दोन वाजेपर्यंत माणसं आपापल्या घरी गेली. फादर लांबच्या एका वस्तीवर मिस्सेला निघाले. आणि मी फोन घेऊन वरच्या फुटबॉलच्या मैदानावर गेलो, कारण रेंज तिथेच येते.

घरी व्हिडिओ कॉल लावला. धाकट्या बहिणीने फोन हातात घेऊन सगळं घर फिरवून दाखवलं. मावशी मैद्याचे फुगे तळत होती, पप्पांनी केलेल्या गोठ्यात नाचणीचं हिरवंगार शेत होतं, मागे गल्लीतल्या पोरांचा बँड वाजत होता. आई काहीतरी बोलत होती पण आवाज तुटत होता. मग फोन कट झाला तो पुन्हा लागलाच नाही. मी तिथेच बसून राहिलो. वसईला सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार. थंडीने बोटं बधिर झाली तेव्हा उठलो.

खाली आलो तर ती पाच मुलं स्वयंपाकघरात चुलीभोवती बसलेली. संध्याकाळी केक कापायचा असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. केक माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. तीन तास ती वाट बघत होती. सगळ्यात धाकटा भिंतीला टेकून झोपला होता. कुणी एक शब्द बोललं नाही, तक्रार नाही की काही नाही. केक कापला, पण त्या मुलाला उठवून त्याच्या हातात तुकडा देताना मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

नंतर एका ज्येष्ठांनी सांगितलं, नाताळला घरी फोन करूच नये, मिशनरी जिथे असतो तेच त्याचं घर. त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं, पण ते गळी उतरत नाही. आई तर फोनजवळच बसून असते.

एक गोष्ट हल्ली फार डोक्यात येते. खासी डोंगरातल्या पहिल्या कॅथलिक मिशनऱ्यांपैकी जर्मन फादर ओट्टो होपफेनम्युलर फेब्रुवारी १८९० मध्ये शिलाँगला आले आणि त्याच ऑगस्टात वारले. इथला एकही नाताळ त्यांना मिळाला नाही. मला दोन मिळाले, त्यातला एक मी फोनवर घालवला.

तर दोन प्रश्न. घरी फोन करावा का, आणि केव्हा? आणि त्या दुपारी तुम्ही काय करता? गेल्या आठवड्यात आईचं पार्सल आलं. त्यात केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि गोठ्यासाठी मूठभर नाचणी आहे. नाचणी वाडग्यात पेरली आहे, पण पाच-सहा अंशांच्या थंडीत ती उगवायचं नाव घेत नाही.

---

मिशनऱ्याची आई, वसई (८ डिसेंबर)

बाळा, वाचून डोळे भरून आले. माझा मुलगा टांझानियात आहे, फादर होऊन सहा वर्षं झाली. फोनचं मी सांगते.

फोन कर. करायचाच. पण २५ च्या दुपारी नको आणि २४ च्या रात्री तर मुळीच नको. पहिल्या वर्षी माझ्या मुलाने आमच्या मध्यरात्रीच्या मिस्सेच्या आधी फोन केला. आमचे बारा म्हणजे त्याचे साडेनऊ, त्याला वाटलं चांगली वेळ आहे. झालं काय, मी रडले, मला बघून त्याचे पप्पा रडले, साडी बदलून पुन्हा तोंड धुऊन चर्चमध्ये जाईपर्यंत मिस्सेतलं ग्लोरियाचं गीत होऊन गेलं होतं. सगळी मिस्सा मी त्याचा चेहराच बघत होते, बाळ येशू बाजूलाच राहिला.

आता तो २४ च्या सकाळी अकरा वाजता करतो. त्या वेळी मी स्वयंपाकघरात असते, हाताला मैदा असतो, करंज्या चालू असतात. हातात काम असलं की आईला रडता येत नाही. काय केलंस, काय खाल्लंस, थंडी आहे का, एवढंच बोलतो. दहा मिनिटं. मग दोघांचाही नाताळ मोकळा.

आणि व्हिडिओ नको. आवाज पुरतो. व्हिडिओत घर दिसतं पण घरात आपण दिसत नाही, ते जास्त लागतं. तुझ्या आईला आधी सांगून ठेव म्हणजे ती वाट बघत बसणार नाही.

नाचणीचं वाडगं चुलीजवळ ठेव आणि वरून ओलं फडकं घाल.

---

निवृत्त सिस्टर (९ डिसेंबर)

ब्रदर, मी पण वसईचीच. आता कॉन्व्हेंटमध्ये विश्रांतीला आहे, गुडघे साथ देत नाहीत. १९८६ मध्ये मला झारखंडात, त्या वेळच्या बिहारात, गुमल्याच्या बाजूला पाठवलं. तेव्हा २५ वर्षांची होते. फोनचा प्रश्नच नव्हता. घरून नाताळचं आंतरदेशीय पत्र आलं ते ९ जानेवारीला. आईने सगळा फराळ नावानिशी लिहिला होता आणि मी ते पत्र जेवताना समोर ठेवून वाचत असे.

तुझ्या दुपारबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की तू कुणाच्या तरी घरी जेवायला जा.

मी पहिली दोन वर्षं नाताळच्या दुपारी कपडे वाटायचे. गोळ्या, पेन्सिली, स्वेटर. लोक रांगेत उभे राहायचे, मी देत जायचे, ते हात जोडून निघून जायचे. संध्याकाळी माझ्याइतकं एकटं माणूस त्या जिल्ह्यात नसेल. तिसऱ्या वर्षी मला ताप होता, वाटप झालं नाही. तेव्हा एक उराँव आदिवासी बाई माझ्या खोलीत आली, पानांच्या द्रोणात चार अरसे घेऊन. तांदळाचं पीठ, गूळ, तळलेलं. आपल्या अनारशाची सख्खी बहीणच. मी अनारसा म्हणाले, ती अरसा म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्या दिवसापर्यंत मी त्या गावाला काही देऊ दिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पाहुणा म्हणून जा. हात मोकळे ठेवून जा. ती पाच मुलं सोबत ने, त्यांनाही कुठेतरी पाहुणा व्हायला मिळू दे. आणि ते जे वाढतील ते खा, नको म्हणू नकोस.

आपल्या संत गोन्सालो गार्सियांचं नेहमी मरण सांगतात. मी गास गावच्या त्यांच्या चर्चमध्ये लहानपणापासून तेच ऐकलं: ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी, क्रूस. मला मोठेपणी दुसरीच गोष्ट धरून ठेवाविशी वाटली. वसईचा हा मुलगा पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन १५९३ मध्ये परत गेला तेव्हा त्या भाषेमुळेच दुभाषी म्हणून सगळ्यांच्या उपयोगी पडला. भाषा कुणी पुस्तकातून एवढी शिकत नाही. कुणाच्या तरी घरी बसून, त्यांच्या ताटात जेवून शिकला असणार. त्यांना १५९६ च्या डिसेंबरात क्योतोमध्ये पकडलं, म्हणजे शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. त्या दिवशी त्यांना वसईतलं काय आठवलं असेल, हा विचार मी गुमल्याला दर वर्षी करायचे.

तुझं खासी कुठवर आलं?

---

डोंगरातला ब्रदर (९ डिसेंबर)

सिस्टर, खासी बोलतो, पण मोडकंतोडकं. वाचता येतं, कारण ती रोमन लिपीत लिहितात. थॉमस जोन्स नावाचे वेल्श मिशनरी १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, आले, त्यांच्यापासूनची ती घडी. मुलांशी गणितापुरतं जमतं. म्हाताऱ्या माणसांशी बोलायची वेळ आली की मी खुबलेई म्हणून, म्हणजे नमस्कार-आभार जे काय ते एका शब्दात उरकून, पुढे निघतो. तुम्ही विचारलंत म्हणून कबूल करतो.

---

नगरची बाई (१० डिसेंबर)

मी प्रोटेस्टंट, आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना. नंदुरबार जिल्ह्यात धडगावला मुलींच्या वसतिगृहात दोन नाताळ काढले आहेत. सिस्टरांशी शंभर टक्के सहमत.

नगरचं एक सांगते. सिंथिया फॅरार बाई अमेरिकेहून १८२७ मध्ये मुलींच्या शाळांसाठी मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरला वारल्या. सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला ज्यांच्याकडे आल्या होत्या त्याच त्या. न्यू इंग्लंडमधल्या ज्या मंडळ्यांतून हे मिशन आलं, तिथे त्या काळी नाताळ साजरा करायची रीतच नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सुट्टीसुद्धा १८५६ ची. आज आमच्या घरी नाताळला चिवडा, शंकरपाळे, करंज्या होतात, दारात आकाशकंदील लागतो. हा नाताळ कुठल्या बोटीतून आलेला नाही, आमच्या आज्यांनी तो आपल्या चुलीवर केला. तुमच्या खासी आज्यांनीही केलाच असेल. तो बघायला जा.

केकची किल्ली मात्र मुलांकडे द्या.

---

डोंगरातला ब्रदर (२७ डिसेंबर)

सगळ्यांना उत्तर देतो, आज मैदानावर रेंज चांगली आहे.

आईला २४ ला अकरा वाजता फोन केला. नुसता आवाज. मागे झाऱ्याचा आवाज येत होता, तेल तापलेलं होतं, त्यामुळे ती मध्येच "थांब रे, जळेल" म्हणाली आणि दोघांनाही बरं वाटलं. आठ मिनिटांत झालं.

नाचणी उगवली. चुलीजवळ ऊन नाही म्हणून पिवळट आणि लांबलचक झाली, हिरवी नाही. मुलांना ते शेत पिकलेलं वाटलं. त्यांनी पाइनच्या जंगलातून शेवाळ आणून त्याच्याभोवती लावलं आणि मेंढरं त्यातच उभी केली.

२५ ला जेवण झाल्यावर पाचही मुलांना घेऊन तासभर चालत आमच्या कॅटेकिस्टच्या (गावात धर्म शिकवणाऱ्याच्या) सासुरवाडीला गेलो. इथे जावई सासरी राहतो आणि घर धाकट्या मुलीकडे जातं, तिला खातदूह म्हणतात. ते घर तिचं, आणि तिची म्हातारी आई चुलीजवळ बसलेली. हातात फक्त सुकेळ्यांची जुडी होती. म्हातारीने ती नाकाजवळ नेली, केळं आहे हे ओळखलं आणि सगळी पोरांत वाटून टाकली.

मग तिने क्वाय काढलं. ओली सुपारी चाकूने चिरून चार फोडी केल्या, पानाला बोटाने चुना लावला, आणि एक फोड माझ्यापुढे धरली. दीड वर्षात मी क्वायला नेहमी नको म्हणत आलो आहे. सिस्टर, तुमची आठवण काढून घेतलं. दोन मिनिटांत कान तापले, कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. घरातले सगळे माझ्याकडे बघत होते आणि म्हातारी मान डोलवत होती.

नंतर लाल चहा आणि पुखलेइन. तांदळाचं पीठ, गूळ, तळलेलं! मी मोठ्याने "अनारसा" म्हणालो. पोरांनी तो शब्द घोकायला सुरुवात केली.

म्हातारीने मला एकच गोष्ट विचारली आणि ती मला एका मुलाने पुन्हा हळू सांगितल्यावर कळली: तू इथे, मग आईजवळ कोण? मी माझ्या खासीत सांगितलं, धाकटी बहीण आहे. तिने दोन्ही हात गुडघ्यावर आपटले. "मग झालं की," म्हणाली, "धाकटी लेक घरी आहे ना." तिच्या दृष्टीने विषयच मिटला. मुलगे घराबाहेर जातात, धाकटी घर धरते, आई एकटी नाही. दीड वर्ष जे मला कुणी समजावू शकलं नव्हतं ते तिने चहा ओतता ओतता सांगून टाकलं, आणि लगेच माझ्या बशीत दुसरं पुखलेइन ठेवलं.

निघताना संत्री दिली, प्रत्येकाच्या खिशात मावतील तेवढी. अंधारात बॅटरीच्या उजेडात संत्री सोलत परत आलो, वाटभर सालीचा वास. सातला केक कापला. किल्ली सकाळपासून धाकट्याच्या गळ्यात दोरीला बांधलेली होती, कपाट त्यानेच उघडलं.