मदत हवी आहे: सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स हनोईला करू, बँकॉकला करू, की घरी बसून?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. वय ३१. बी.ए. (इंग्रजी) आणि बी.एड., दोन्ही शिवाजी विद्यापीठातून. शिकवायला लागून सात वर्षं झाली. दहावीपर्यंत माझं शिक्षण पूर्ण मराठी माध्यमात झालं. आपल्या राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि मी पहिलीत गेले तीही त्याच वर्षी, त्यामुळे ए-बी-सी-डी आणि अ-आ-इ-ई एकाच पाटीवर गिरवलेली आमची पहिली बॅच.

परदेशात जाऊन मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं, हे तीन वर्षांपासून मनात आहे. साडेतीन लाख साठवलेत. त्यात प्रशिक्षण, विमान आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचे निदान दोन महिने बसायला हवेत. कर्ज काढणार नाही आणि दागिने मोडणार नाही, असा आईला शब्द दिला आहे.

प्रशिक्षण म्हणजे सेल्टा, हे नक्की आहे. केंब्रिजचा हा कोर्स पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो. साधारण १२० तास, त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवायचं, सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे आणि चार लेखी असाइनमेंट्स. बी.एड.ला आम्ही पाठ टाचण काढून काढून वह्या भरल्या, पण पाठ संपल्यावर कुणी समोर बसवून ‘या मिनिटाला वर्ग तुझ्या हातून सुटला, बघ’ असं सांगितलं नाही. मला ते हवंय. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा असाच कोर्स, सर्टटीसॉल, तोही बघितला. त्यात प्रशिक्षणार्थींनाच एक पूर्ण अनोळखी भाषा थोडे तास शिकवतात, म्हणजे वर्गात काही न कळणाऱ्या मुलाच्या जागी आपण बसतो. ही कल्पना मला फार आवडली, पण मला परवडेल असं केंद्र जवळपास सापडलं नाही.

आता देश. इथे खूप रात्री गेल्या.

जपान माझं पहिलं स्वप्न होतं. तिथल्या इन्स्ट्रक्टर व्हिसाच्या नियमात आहे की जी भाषा शिकवायची त्या भाषेत किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं. त्या भाषेचं नव्हे, त्या भाषेत. अकरावीपासूनची माझी सगळी वर्षं धरली तरी हिशेब बसत नाही. कोरियाचा नेहमीचा शिक्षक व्हिसा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताशी त्यांचा २०१० पासून सेपा हा व्यापार-भागीदारीचा करार आहे आणि त्यात परवानाधारक भारतीय इंग्रजी शिक्षकांना सरकारी शाळेत सहायक म्हणून घ्यायची तरतूद आहे, पण त्या वाटेने गेलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. इथे कुणी असेल तर जरूर लिहा. प्रागला सेल्टा छान होतो म्हणतात, पण युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या ९० दिवसांत कोर्स झाला तरी नोकरीच्या व्हिसासाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं. तेवढे पैसे नाहीत. आखातातल्या भारतीय शाळांत माझ्या दोन मैत्रिणी आहेत, सुखात आहेत, पण तिथे पुन्हा सीबीएसईचा पोर्शन आणि तिमाही-सहामाही. त्यासाठी घर सोडायचं नाही.

उरले व्हिएतनाम आणि थायलंड. हनोई आणि बँकॉक, दोन्हीकडे सेल्टा होतो. तिसरा मार्ग म्हणजे ऑनलाइन सेल्टा घरूनच करायचा, प्रमाणपत्र तेच मिळतं, आणि मग अर्ज करायचे. भाऊ म्हणतो, पैसे वाचतील. मला अडखळायला होतंय.

अडखळण्याचं एक कारण सांगते. मागच्या वर्षी एका एजन्सीशी फोनवर बोलले. दहा मिनिटं ऐकून घेतल्यावर तिकडून विचारलं, “मॅडम, फॉर्ममध्ये इंग्लिश मीडियम लिहू का? बाहेर मराठी मीडियम चालत नाही.” मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून एकच प्रश्न मनात घोळतोय. मी इंग्रजी शिकले ती बाहेरून आत येत. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत मुलं कुठे घसरतात ते मला माहीत आहे, कारण मी तिथेच घसरले होते. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना ‘व’ म्हणायची जिभेची सवय मी आरशासमोर बसून मोडली आहे. हे शिक्षकाचं भांडवल आहे असं मला मनापासून वाटतं. तर हे भांडवल कुठे चालेल? कुठल्या शहरात शिकले तर पुढे तिथेच उभी राहू शकेन? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

पाऊलवाट:
ताई, मी मूळची सातारची, पाच वर्षं हनोईत शिकवते. भावाचं म्हणणं पैशाच्या बाजूने बरोबर आहे, तरी माझं मत आहे की जिथे नोकरी करायची तिथेच सेल्टा करा. कारण टीपीला, म्हणजे सरावाच्या वर्गात, समोर बसतात ती त्याच गावची माणसं. व्हिएतनामी बोलणाऱ्याच्या जिभेला शब्दाच्या शेवटची व्यंजनं अवघड जातात. ‘राइस’, ‘राइट’, ‘राइड’ तिन्हींचं ‘राय’ होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं वर्गाला काहीच येत नाही, दुसऱ्या आठवड्यात कळलं की त्यांना येतंय, माझा कान तयार नाही. चार आठवड्यांत तो कान तयार होतो आणि मुलाखतीच्या डेमोत तोच कामाला येतो.

आता कडू भाग. जाहिरातीत ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, हा शब्द अजून सर्रास दिसतो. मला पहिल्या अकरा ठिकाणांहून उत्तरसुद्धा आलं नाही, बाराव्याने डेमो घेतला आणि त्यांच्याकडेच मी तीन वर्षं होते. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्याला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि भाषेची पातळी दाखवणारा कागद, तिन्ही लागतात, तेव्हा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा निघण्याआधी देऊन ठेवा.

आणि कृपा करून कागदपत्रं भारतातून पूर्ण करूनच निघा. पदवीवर आधी महाराष्ट्र शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दिल्लीतला व्हिएतनामी दूतावास. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून. मी हे इथे आल्यावर करायला गेले आणि कुरिअरच्या फेऱ्यांत सव्वादोन महिने बिनपगारी गेले. २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, त्यावर कोर्स होतो, पण नोकरी नाही. ‘आधी शिकवायला लागा, वर्क परमिट मागून बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

पिंपळपार:
थायलंडच्या बाजूने लिहितो, तिथे चार वर्षं शाळेत शिकवत होतो. तुमचं बी.एड. तिथे खरं उपयोगी पडतं. शिक्षकांचा परवाना देणाऱ्या परिषदेचं नाव आहे खुरुसफा, म्हणजे आपली ‘गुरुसभा’. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, भाषेला ‘फासा’, महाविद्यालयाला ‘वित्थयालय’. त्यांची मुळाक्षरंही आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग अशी लागतात. पहिल्या दिवशी फळ्याच्या वर लावलेला तक्ता बघून मला भरून आलं होतं.

नेटिव्ह नसणाऱ्यांकडून टोइक (हीही इंग्रजीचीच परीक्षा) ६०० किंवा आयईएलटीएस ५ मागतात, तो तुम्हाला प्रश्नच नाही. शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये भरती जोरात, नंतर ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, काम बहुतेक शाळेतल्या मुलांचं, एका वर्गात ४०-५०, जे तुम्ही आताही करताच आहात. दोन, त्याच शाळेत माझ्याइतक्याच तासिका घेणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला माझ्यापेक्षा जास्त पगार होता, आणि तो माझ्याच वयाचा, बी.एड. नसलेला. मला त्याचा त्रास झाला, आजही होतो. तुम्हाला मोठी माणसं शिकवायची असतील तर हनोईच्या ताईंचं ऐका.

गुलबक्षी:
मी घरून ऑनलाइन सेल्टा केला, पुण्यात. पहिली गोष्ट, अर्जाबरोबर भाषेचं एक टास्क येतं आणि नंतर मुलाखत. तिथेच ते बघतात की तुम्हाला व्याकरण समजावता येतं का. माध्यम कुणी विचारलं नाही. एक असाइनमेंट तर अशीच असते की एक शिकणारा निवडायचा, त्याची मातृभाषा त्याच्या इंग्रजीत कुठे आड येते ते शोधायचं. माझ्या गटातल्या इंग्लंडच्या मुलीला ते लिहिताना घाम फुटला, मला एका बैठकीत झालं. आपण तेच जगलोय.

दुसरी गोष्ट, घरून करायचा असेल तर घरातून हलावं लागेल. रात्री बारापर्यंत उद्याच्या पाठाची तयारी, सकाळी पुन्हा इनपुट सेशन, म्हणजे शिकवण्याच्या पद्धतींचा तास. मी घरी होते म्हणून सगळ्यांना वाटायचं मी मोकळीच आहे. दूधवाला, गॅस सिलिंडर, सासूबाईंची औषधं. दुसऱ्या आठवड्यात एक पाठ नापास झाला तेव्हा मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर जाऊन राहिले आणि कोर्स पूर्ण केला. तुमच्या घरचं तुम्हाला माहीत.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. गुरुसभा वाचून रात्री दहा वाजता वडिलांना उठवून सांगितलं. वडील म्हणाले, मग तिकडेच जा. पण पिंपळपारदादा, ४०-५० च्या वर्गातून मला बाहेर पडायचंय, आणि त्या पगाराचं वाचून मला राग आला. तुम्ही ते चार वर्षं सोसलंत.

गुलबक्षीताई, आमच्याकडे मे-जूनमध्ये हळदीची शिल्लक कामं, भावाच्या बाळंतीण बायकोचं घर, आणि नेट सकाळी गेलं की दुपारी येतं. घरून होणार नाही. हे मी स्वतःशी कबूल करत नव्हते.

हनोई ठरवतेय. ऑक्टोबरच्या बॅचसाठी अर्ज भरला आहे, भाषेचं टास्क अर्धं झालं. सोमवारी पदवीचे कागद घेऊन मुंबईला जातेय. पाऊलवाटताई, अजून दोनच गोष्टी विचारते. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि मला दुचाकीच्या त्या गर्दीत गाडी चालवायची नाही, तर राहायचं कुठे?

पाऊलवाट:
जेवणासाठी ‘चाय’ हा शब्द पाठ करा, तिकडे शाकाहाराला चाय म्हणतात, आपला चहा नव्हे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी लोक चाय खातात, त्यामुळे गल्लोगल्ली पाटी दिसेल. तरी माशाचा सॉस घातलाय का, ते दर वेळी विचारा.

राहायला काउ झाय भाग बघा. न्योन ते काउ झाय मेट्रो २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. तलावाकाठचं ताय हो सुंदर आहे, पण परदेशी लोकांमुळे भाडं चढलंय. पहिला महिना खोली लांबच्या कराराने घेऊ नका. आल्यावर आठवडाभर माझ्याकडे उतरा, गादी आहे. येताना मेतकूट आणि थोडी हळद आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं, तेव्हा गरम भात-मेतकुटाशिवाय मला चालत नाही.