होम व्हिजिटमध्ये पेशंट ‘हात बरा करा’ एवढंच म्हणतो. गोल (थेरपीची उद्दिष्टं) कसे ठरवायचे?

प्रश्न
स्ट्रोकला तीन महिने झालेत, उजवा हात कमजोर, बोलणं-समजणं ठीक. गोल विचारला की “हात पहिल्यासारखा करा.” मुलीचं म्हणणं, बाबांनी आंघोळ स्वतः करावी. सीओपीएम (रोजच्या कामांतल्या महत्त्वाच्या पाचपर्यंत अडचणी विचारून प्रत्येकीला कामगिरी आणि समाधानाचे 1 ते 10 गुण घ्यायची मुलाखत) भरून घेतलं, तर पाचही मुद्दे तिनेच सांगितले. व्हिजिट आठवड्याला एक.

उत्तर १
ते वाक्य खोडू नका, पण तिथेच थांबूही नका. कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत विचारा: कुठे अडलं, काय दुसऱ्याने केलं, त्यातलं काय खुपलं? सीओपीएम दोघांचं वेगवेगळं भरा, मुलगी दुसऱ्या खोलीत असताना. आंघोळीला पेशंटने कामगिरी 3 आणि समाधान 8 दिलं, तर ती अडचण मुलीची आहे. तीही खरी, पण नोंद तिच्या नावाने करा. नंतरच्या फेरीत 2 किंवा जास्त गुणांचा फरक साधारणपणे अर्थपूर्ण धरतात.

उत्तर २
गुण मांडून झाले की काम प्रत्यक्ष बघा, त्याच बाथरूममध्ये, रोजच्या वेळेला. उंबरा, नळ कोणत्या बाजूला, टॉवेल कुठे टांगतात, सगळं टिपा. जमत असूनही होत नाही, असं पुष्कळदा निघतं, कारण सकाळच्या घाईत घरचेच उरकून टाकतात. तिथे हाताचे व्यायाम वाढवून काय होणार! मग गोलमध्ये घरच्यांचं कामही लिहा: “खुर्चीवर बसून छाती, पोट, मांड्या स्वतः धुणे, पाठ आणि पाय मुलगी, आठवड्यात 5 दिवस, 4 आठवड्यांत.” आंघोळीचा गोल त्यांनी स्वतः मान्य केला असेल तरच, अर्थात.

उत्तर ३
यावर गोल अटेनमेंट स्केल (गोल किती गाठला हे −2 ते +2 अशा पायऱ्यांत मोजायची पट्टी) बसवा. 0 म्हणजे अपेक्षित टप्पा, +1 आणि +2 त्याहून सरस. आजची स्थिती −1 ला ठेवा, म्हणजे घसरण दाखवायला −2 उरतो. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदला. मदतही कमी आणि दिवसही जास्त असं लिहिलं, की मदत घटली पण दिवस तेवढेच राहिले तर खूण कुठे करणार? आठवड्याला एक व्हिजिट असेल तर दोनच गोल घ्या. रोजची खूण पेशंटनेच करावी, बाथरूमच्या दाराशी कागद लावून, डाव्या हाताने चालेल.

प्रश्नकर्ता
आणि “पहिल्यासारखा”चं काय सांगू?

उत्तर १
हो-नाही दोन्ही टाळा. किती सुधारेल ते आज सांगता येत नाही, हे स्पष्ट बोला, आणि 4 आठवड्यांनी पुन्हा मोजायची तारीख आजच ठरवा.