क्लिंकर दळणारी बॉल मिल मोडीत काढण्याआधी तिच्या आत उतरा

दळणविभाग
चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात 22 वर्षं मिलवर आहे, भट्टीतून निघालेले क्लिंकरचे खडे दळून सिमेंट करतो. सध्या आमच्याकडे एकच घोषा चाललाय: बॉल मिल (लोखंडी गोळे भरलेलं फिरतं पिंप) काढा, उभी रोलर मिल (थाळीवर रोलरनं दाबून दळणारी) बसवा, टनामागे 10 युनिट वीज वाचेल. मला ही घाई वाटते.

गेल्या शटडाउनला फीड आणि मिल एकदमच बंद करून, थंड झाल्यावर आत उतरलो. पहिल्या चेंबरमध्ये गोळे दिसतच नव्हते, सगळे मालाखाली बुडालेले. डायफ्रॅमच्या, म्हणजे दोन चेंबरमधल्या फटींच्या भिंतीच्या, फटींत फुटक्या गोळ्यांच्या चकत्या आणि क्लिंकरचे खडे पाचर मारल्यासारखे रुतलेले. माल पुढे सरकत नव्हता, त्यामुळे गोळा क्लिंकरवर न आदळता भुकटीच्या गादीवर पडत होता. जात्यातून पीठ बाहेर आलं नाही तर हात भरून येतात, दळण काही वाढत नाही, तसंच हे.

दोन दिवस छिनी-हातोडीनं फटी मोकळ्या केल्या, झिजलेले गोळे चाळून काढले, 90 मिमीचे नवे टाकले. युनिट उतरले. वर्षाला 10 लाख टन दळणाऱ्या मिलमध्ये टनामागे 1 युनिट म्हणजे 10 लाख युनिट! आणि सेपरेटर (बारीक माल वेगळा काढणारं यंत्र) जो जाड माल, म्हणजे रिजेक्ट, मिलकडे परत पाठवतो त्यात तयार सिमेंटही येत असेल, तर तेच तेच पुन्हा दळायला आपण वीज जाळतोय.

दाबानेफोडा
दादा, फटी साफ करायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण बॉल मिल कितीही निगुतीनं चालवली तरी नवा पृष्ठभाग तयार व्हायला त्यातली जेमतेम काही टक्के वीज लागते, बाकीची उष्णता होऊन जाते. दोष देखभालीचा नाही, पद्धतीचाच आहे. क्लिंकर कडक आहे पण ठिसूळ. असा पदार्थ आपटून फोडण्यापेक्षा दाबून फोडणं स्वस्त पडतं. जर्मनीत क्लाउस शोनर्ट यांनी 1970 च्या दशकात हेच दाखवलं आणि त्यातून रोलर प्रेस (दोन रोलरमध्ये माल दाबणारं यंत्र) आला. त्यातून पडणारी वडी हातात घ्या. बोटांनी चुरते, आणि जे दाणे शाबूत दिसतात त्यांनाही आतून तडे गेलेले असतात.

लॅबवाली
उष्णतेचा मुद्दा आला म्हणून लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात क्लिंकर गरमच येतो, त्यात मिलची उष्णता. तापमान 120 अंशांच्या आसपास गेलं की सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून दळताना घातलेल्या जिप्समातलं पाणी उडायला लागतं आणि सिमेंट कालवल्या कालवल्या आवळतं. गवंडी मग वरून पाणी ओततो आणि घराची ताकद जाते. म्हणून मिलमधली हवा आणि पाण्याचा फवारा हे नुसत्या विजेचे विषय नाहीत.

दळणविभाग
ताई, हे अगदी खरं. दाबानेफोडा, वडीचं मान्य. पण उभ्या रोलर मिलचा हिशेब सांगताना लोक फक्त रोलरची मोटर धरतात. माल हवेवर उचलून सेपरेटरपर्यंत नेणारा पंखा केवढी वीज खातो, तेही मांडा. शिवाय बारीक क्लिंकरचा थर रोलरखाली टिकत नाही, मिल थरथरते, थरावर पाणी मारावं लागतं.

दाबानेफोडा
पंखा धरूनही रोलर मिल पुढेच राहते, फरक थोडा कमी होतो इतकंच. पण तुमची मिल मोडायची नसेल तर तिच्यापुढे रोलर प्रेस लावा. जाड काम तो करेल, गोळ्यांकडे फक्त बारीक दळण राहील. मग 90 मिमीच्या गोळ्यांची गरजच संपते. ते नवे भरून तुम्ही जुनीच वाट पक्की करताय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

लॅबवाली
दोघांनाही एक विनंती, युनिटची तुलना एकाच ब्लेनवर (सिमेंटच्या बारीकपणाचं माप, चौ.मी. प्रति किलो) करा. ओपीसीला (साधं पोर्टलँड सिमेंट) 225 ची किमान अट आहे, पीपीसीला (बहुतेक राख मिसळलेलं) 300 ची. एकाचा आकडा 280 वर आणि दुसऱ्याचा 340 वर घेतला तर त्या तुलनेला अर्थ नाही.

दळणविभाग
प्रेसचा पर्याय पटतोय. जागा आणि पैसा मंजूर होईपर्यंत दर शटडाउनला डायफ्रॅम उघडायचा, यावर मात्र मी ठाम आहे. ब्लेन 320 धरून आमचे तीन महिन्यांचे आकडे पंख्यासकट इथेच टाकतो.