बंदी भोगून आलेल्याला पुन्हा ट्रॅकवर घ्यावं का?

हर्डलवाला बाबा, बाणेर

मुलगी चारशे मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळते. पहाटे साडेपाचला बालेवाडीच्या ट्रॅकवर हर्डल मांडायचं काम माझं. उंची ७६.२ सेंटिमीटर. पाय अडकला की नडगी सोलते, घरी येऊन हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मागच्या मोसमात ती चौथी आली. पुढच्या तिघींतली एक डोपिंगची, म्हणजे मनाई असलेलं औषध घेतल्याची बंदी भोगून आलेली होती. ती नियमाने पळाली, मान्य. पण तो नियमच मला पटत नाही.

बहरीनची केमी अदेकोया बघा. २०१८ च्या जकार्ता एशियाडनंतर स्टॅनोझोलॉल या स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडमुळे चार वर्षं बंदी. तिची पदकं काढल्यावर आपल्या मिश्र रिलेचं रौप्य सुवर्ण झालं आणि हर्डल्समध्ये चौथ्या आलेल्या अनू राघवनला कांस्य मिळालं, तेही २०२० मध्ये, कागदावर. पोडियमवर उभं राहायचं राहिलं ते राहिलंच. आणि अदेकोया? परत आली, २०२३ ला हांगझोऊमध्ये त्याच शर्यतीचं सुवर्ण घेऊन गेली. आपली विद्या रामराज तिसरी. हिट्समध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत पी. टी. उषाच्या १९८४ च्या ५५.४२ सेकंदांची बरोबरी करणारी पोर ती!

चौथ्या नंबरवालीची वर्षं कोण परत देणार? माझ्या मते एकदा सापडला की पदकाच्या स्पर्धेतून कायमचा बाहेर.

तालीमवाला, शुक्रवार पेठ

काका, तुमच्या लेकीचं दुःख कळतं. पण 'सापडला' म्हणजे 'चोर' असं नसतं हो.

माझा गुरुभाऊ सतरा वर्षांचा होता. गावाकडचा पोरगा, खोलीचं भाडं देऊन खुराकाला पैसे उरायचे नाहीत. ओळखीच्या एकाने अर्ध्या किमतीत प्रोटीनचा डबा दिला. आम्ही सील तेवढं बघितलं. नमुना पॉझिटिव्ह आला, तेव्हा डबा संपून त्यात आमच्या वस्तादांच्या मंडळींनी तांदूळ भरलेले. आता सिद्ध काय करणार? अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, नियम असा. दोन वर्षं त्याला तालमीत सरावही बंद. अंधार पडला की नदीकाठी एकटा जोर मारायचा. त्याच्या लंगोटाची घडी दोन वर्षं खुंटीवर तशीच होती, कुणी हात लावला नाही.

नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी. डोपिंग प्रकरणात २०१६ ला नाडाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेने निर्दोष ठरवलं, पण रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. डिसेंबर २०२० ला बेलग्रेडच्या मॅटवर परत उतरला तेव्हा एकतीस वर्षांचा. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं गेली. अजून किती भोगायचं?

काळा कोट, सदाशिव पेठ

काकांची मागणी आधीच होऊन गेली आहे. सहा महिन्यांहून जास्त बंदी झालेल्याला पुढचं ऑलिंपिक नाही, असा नियम ऑलिंपिक समितीने केला होता. २०११ मध्ये लवादाने तो रद्द केला, कारण एका गुन्ह्याला दोन शिक्षा होतात. ब्रिटनचा आजन्म बंदीचा नियमही २०१२ ला तसाच गेला. हेतुपुरस्सर घेतलेल्याला पहिल्यांदाच चार वर्षं, हा २०१५ पासूनचा नियम पुरेसा कडक आहे.

फिजिओ ताई, कोथरूड

वकीलसाहेब, कायदा कागदावर चालतो, स्नायू नाही. ओस्लोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांना टेस्टोस्टेरॉन दिलं. औषध थांबवल्यावर स्नायूंचा आकार ओसरला, पण स्नायूंच्या पेशींमधली वाढलेली केंद्रकं (न्यूक्लियस) तीन महिन्यांनीही तशीच होती आणि व्यायाम मिळताच ते स्नायू झपाट्याने भरले. उंदराच्या आयुष्यात तीन महिने फार मोठे. माणसाबद्दल यावरून छातीठोक सांगता येणार नाही, पण 'बंदी संपली म्हणजे फायदा संपला' असं तरी कशाच्या जोरावर म्हणायचं?

तालीमवाला, शुक्रवार पेठ

ताई, मग डबा विकणाऱ्याचं काय? खेळाडूला औषध देणाऱ्याला चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे. आमच्या पोराला डबा देणारा आजही पहिल्या रांगेत बसून कुस्त्या बघतो. त्याला कुणी नोटीससुद्धा दिली नाही.

हर्डलवाला बाबा, बाणेर

हे वाचून दुपारभर अस्वस्थ होतो. अठराच्या आतला पोरगा आणि भेसळीचा डबा असेल तर त्याला परत येऊ द्या, इथे मी माझं म्हणणं मागे घेतो. डबा देणाऱ्याला मात्र मैदानाच्या फाटकातही घेऊ नका.

पण जाणूनबुजून सुई टोचून घेणाऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्याने प्रशिक्षण द्यावं, खुल्या मॅरेथॉनला पळावं. राज्य, राष्ट्रीय, एशियाडच्या लेनमध्ये नाही. त्या आठच लेन असतात.

तालीमवाले, तुमचा गुरुभाऊ आता खेळतो का?

तालीमवाला, शुक्रवार पेठ

खेळतो. परवा दुसऱ्या फेरीत चितपट झाला. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणतो, दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही.